हिज्कीयाची शेवटची पंधरा वर्षे

आजचे वाचन: 2 राजे 18 ते 20, 2 इतिहास 29 ते 32, यशया 38 व 39



मागच्या मे महिन्यात आमच्या मंडळीच्या तरुण संघाच्या शिबिरात मला नेतृत्व या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी यहूदाचा राजा हिज्कीया निवडला. ऑफिसात स्लाइड्स करायची सवय असल्यामुळे एका रात्रीत चौदा स्लाइड्स झाल्या, बाणांसकट. शेवटच्या स्लाइडवर अश्शूरी छावणीतले 1,85,000 सैनिक एका रात्रीत मेल्याचं होतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, पाळकसाहेबांनी आमेन म्हटलं, आणि आम्ही चहाला उठलो.

चहाच्या रांगेत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने मला विचारलं की दादा, तुम्ही एकोणिसाव्या अध्यायावरच का थांबलात, विसावा का नाही घेतला. मी म्हटलं, वेळ संपला. ते खरं नव्हतं. विसावा अध्याय माझ्या मांडणीत बसत नव्हता, म्हणून मी तो सरळ कापला होता. आज तो कापलेला भाग धरून हिज्कीयाची गोष्ट पुन्हा सांगतो.

सुरुवात त्याच्या बापापासून करावी लागेल. आहाज राजाने काय काय केलं ते वाचताना अंगावर काटा येतो. त्याने हिन्नोमच्या खोऱ्यात आपली मुलं अग्नीत होमली. अश्शूरच्या राजाला खूश करायला परमेश्वराच्या मंदिरातलं सोनं-चांदी काढून पाठवलं. दिमिष्कात एक परकी वेदी पाहिली, ती इतकी आवडली की तिचा नमुना यरुशलेमला धाडून तशीच वेदी बनवून घेतली. आणि शेवटी मंदिराची दारंच बंद करून टाकली. हिज्कीया हे सगळं बघत मोठा झाला. आपले भाऊ आगीत गेलेले त्याला माहीत असणार.

पंचविसाव्या वर्षी तो गादीवर बसला. ज्यांच्या घरी प्रार्थना नाही, ज्यांचे वडील चर्चच्या पायरीवरही येत नाहीत असे काही जण हे वाचत असतात, मला माहीत आहे, कारण तुमच्यापैकी दोघा-तिघांनी तसं लिहिलं आहे. हिज्कीयाकडे बघा. घरातून त्याला काय मिळालं असेल? आईचं नाव अबी होतं, ती जखऱ्याची मुलगी, यापलीकडे वचन तिच्याबद्दल काही बोलत नाही. मला वाटतं त्या एका ओळीमागे बरंच काही दडलं असेल, पण ते माझं वाटणं झालं.

राज्याच्या पहिल्याच वर्षी, पहिल्याच महिन्यात त्याने मंदिराची दारं उघडली आणि दुरुस्त केली. त्याच्या जागी मी असतो तर आधी सैन्य बघितलं असतं, तिजोरी बघितली असती, अश्शूरला द्यायच्या खंडणीचा हिशोब मांडला असता. त्याने याजक आणि लेवी यांना पूर्वेकडच्या चौकात गोळा केलं आणि आपल्या पूर्वजांनी अपराध केलाय हे सरळ कबूल केलं. बापाचं नाव घेऊन शिव्या दिल्या नाहीत, आणि बापाने केलं ते झाकलंही नाही. मंदिर साफ करायला 16 दिवस लागले. आतला भाग याजकांनी रिकामा केला, तिथली घाण अंगणात आणली, तिथून लेव्यांनी ती किद्रोन ओहोळाला नेऊन टाकली. सोळा दिवसांत किती कचरा निघाला असेल याचा विचार करा.

पुढे होमबलींसाठी लोकांनी इतकी जनावरं आणली की कातडी सोलायला याजक पुरेनात. कारण बऱ्याच याजकांनी स्वतःला शुद्धच केलं नव्हतं. लेवी त्यांच्या मदतीला धावले, आणि वचन इथे हळूच एक टोला मारतं, की लेवी याजकांपेक्षा सरळ मनाचे होते. ज्यांचं पद मोठं ते मागे राहिले, ज्यांचं लहान ते पुढे आले. मंडळीत काम करणाऱ्यांना हे नवीन नाही.

मग वल्हांडण सण आला. खरं तर सणाचा पहिला महिना निघून गेला होता. हिज्कीयाने मोशेच्या नियमशास्त्रातली सवलत वापरून तो दुसऱ्या महिन्यात घ्यायचं ठरवलं, आणि बैरशेब्यापासून दानापर्यंत जासूद पाठवले. दान म्हणजे उत्तरेचं टोक, इस्राएलाच्या राज्याचा भाग, यहूदाचा नव्हे. दोनशे वर्षांहून जास्त काळ फुटलेलं घर होतं ते. एफ्राइम आणि मनश्शेच्या प्रदेशात लोक त्या जासूदांना हसले, त्यांची टिंगल केली. तरी आशेर, मनश्शे, जबुलून इथले थोडे लोक नम्र होऊन आले. आलेल्यांपैकी पुष्कळांनी विधीप्रमाणे शुद्ध न होताच भोजन केलं. नियमाने बघितलं तर मोठी चूक. हिज्कीयाने त्यांना हाकललं नाही. त्यांच्यासाठी प्रार्थना केली, की जे मनापासून देवाला शोधताहेत त्यांना क्षमा व्हावी, आणि परमेश्वराने ऐकलं. सण इतका रंगला की लोकांनी आणखी सात दिवस वाढवून घेतले.

आमच्या तरुण संघात कोणी पहिल्यांदा आलं आणि प्रभुभोजनाच्या वेळी उभं कधी राहायचं, बसायचं कधी हे त्याला कळलं नाही तर मागच्या बाकावर खसखस पिकते. मीही हसलोय. हिज्कीया हसला नाही.

आता पितळी सर्पाबद्दल. रानात लोकांना साप चावत होते तेव्हा मोशेने देवाच्या सांगण्यावरून हा सर्प केला होता. त्याच्याकडे बघून लोक वाचले होते. म्हणजे वस्तू खरी, साक्ष खरी, इतिहासही खरा. पण काही शतकांत लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले. हिज्कीयाने त्याचे तुकडे केले आणि त्याला नहुश्तान म्हटलं, म्हणजे नुसतं पितळ. बापाने उभ्या केलेल्या मूर्ती फोडणं एक वेळ सोपं आहे. मोशेच्या हातची वस्तू फोडायची म्हणजे यरुशलेमात किती म्हाताऱ्यांनी डोक्याला हात लावला असेल! ज्यातून एकदा आशीर्वाद मिळाला त्यालाच आपण धरून बसतो. एखाद्या वर्षीचं शिबिर, एखादं गाणं, एखादा वक्ता. नंतर देव बाजूला राहतो आणि आपण त्या वस्तूभोवती फिरत राहतो.

त्याच्या कामांमध्ये एक असं आहे की बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायाची सुरुवात वाचा. शलमोनाची ती नीतिसूत्रं हिज्कीयाच्या माणसांनी उतरवून घेतली. म्हणजे राजाने माणसं बसवून जुनं ज्ञान नक्कल करून ठेवलं. पुढच्या पाच अध्यायांतलं जे काही आपण आज वाचतो ते या लेखनिकांमुळे. मागे सोडून जायच्या गोष्टींची त्याला समज नव्हती असं म्हणता येणार नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्याला कडू शब्दही ऐकता येत होते. मीखा संदेष्ट्याने त्याच्या काळात सांगितलं की सियोन शेतासारखं नांगरलं जाईल आणि यरुशलेमचे ढिगारे होतील. दुसऱ्या राजाने असल्या माणसाला तुरुंगात टाकलं असतं. हिज्कीया भ्याला, देवाला शरण गेला. सुमारे शंभर वर्षांनी यिर्मयाला मारायला लोक उठले तेव्हा काही वडील उभे राहिले आणि त्यांनी हिज्कीयाचं हेच उदाहरण दिलं. यिर्मया वाचला. एका राजाने ऐकून घेतलं, आणि त्याचा फायदा त्याने कधी न पाहिलेल्या माणसाला झाला.

त्याच्या सहाव्या वर्षी उत्तरेचं राज्य संपलं. शोमरोन पडलं, लोक कैद होऊन अश्शूरला गेले. हिज्कीयाने अश्शूरचं जोखड झुगारलं होतं, आणि चौदाव्या वर्षी, इतिहासकार ज्याला इ.स.पूर्व 701 म्हणतात त्या वर्षी, सन्हेरीब फौज घेऊन आला. तटबंदीची नगरं एकामागून एक पडली. लाखीशच्या वेढ्याची कोरीव चित्रं सन्हेरीबाने निनवेच्या आपल्या राजवाड्यात भिंतभर लावली होती. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. फोटो नक्की बघा. उतरंडीवरून वर चढणारे सैनिक, बैलगाडीवर सामान लादून निघालेली कुटुंबं, लहान पोरं. आपण अध्याय भराभर वाचून जातो, पण ती माणसं खरी होती. सन्हेरीबाच्या स्वतःच्या नोंदीत 46 तटबंद नगरं घेतल्याचा दावा आहे.

आणि इथे माझ्या स्लाइडवर नसलेली पहिली गोष्ट येते. हिज्कीया घाबरला. त्याने लाखीशला निरोप पाठवून चूक कबूल केली आणि मागाल ते देतो म्हणाला. 300 किक्कार चांदी आणि 30 किक्कार सोनं ठरलं. किक्कार साधारण 34 किलोचा धरला तर सोनं एक टन आणि चांदी दहा टन. ते भरायला त्याने मंदिराच्या दारांवरचं सोनं खरवडून काढलं. कुठली दारं? जी त्याने स्वतः उघडली होती, दुरुस्त केली होती आणि सोन्याने मढवली होती तीच. पंचविशीत देवासाठी केलेलं काम चाळिशीच्या आसपास भीतीपोटी स्वतःच्या हाताने खरवडायचं! नोकरी लागल्यावर, ईएमआय सुरू झाल्यावर आपल्यापैकी किती जणांनी हे केलंय ते आपापल्या मनाला विचारा. आणि पैसे घेऊनही सन्हेरीब परत गेला नाहीच.

त्याचे सरदार मोठी फौज घेऊन यरुशलेमला आले आणि परिटाच्या शेताच्या सडकेवर, वरच्या तळ्याच्या नळापाशी उभे राहिले. ही जागा ओळखीची आहे. यशयाचा सातवा अध्याय काढा. कित्येक वर्षांपूर्वी अगदी याच ठिकाणी यशया आपल्या मुलाला घेऊन आहाजाला भेटला होता, भिऊ नको म्हणाला होता, चिन्ह माग म्हणाला होता. आहाजाने देवावर भरवसा ठेवायचं नाकारलं आणि अश्शूरची मदत घेतली. आता त्याच जागी अश्शूर दारात येऊन उभं होतं. बापाने ज्या जागी देवाला नाही म्हटलं, त्याच जागी मुलाची परीक्षा.

रब-शाके हा अश्शूरी अधिकारी फार हुशार. तो तटावर बसलेल्या सामान्य लोकांना कळावं म्हणून मुद्दाम यहूदी भाषेत ओरडून बोलला. एल्याकीम, शेबना आणि यवाह यांनी अरामी भाषेत बोलायची विनंती केली तर त्याने आवाज आणखी वाढवला. मिसरावर टेकलात तर ते मोडक्या बोरूसारखं हाताला टोचेल, दोन हजार घोडे देतो, त्यावर बसायला स्वार तरी आहेत का, हिज्कीया तुम्हाला फसवतोय. सगळ्यात वाईट म्हणजे यातलं बरंचसं खरंही होतं. मिसराचा खरंच भरवसा नव्हता. स्वार खरंच नव्हते. लोक मात्र गप्प राहिले, कारण राजाची तशी आज्ञा होती. भेदरलेल्या शहराने एकाही शब्दाने उत्तर दिलं नाही, यावरून लोकांचा राजावर किती विश्वास असेल ते कळतं.

हिज्कीयाने वस्त्रं फाडली, गोणताट नेसलं, आणि यशयाकडे माणसं पाठवून आमच्यासाठी प्रार्थना कर म्हणून सांगितलं. नंतर सन्हेरीबाचं पत्र आलं तेव्हा मात्र त्याने कोणाला पाठवलं नाही. पत्र हातात घेतलं, मंदिरात गेला आणि ते परमेश्वरापुढे पसरलं. मी दिवसभर एरर लॉग वाचणारा माणूस, त्यामुळे हा प्रसंग मला फार जवळचा वाटतो. त्याने प्रार्थनेत परिस्थिती गोड करून सांगितली नाही. अश्शूरच्या राजांनी राष्ट्रं खरोखर उद्ध्वस्त केलीत, त्यांचे देव आगीत टाकलेत, हे आधी मान्य केलं. मग म्हटलं की ते देव नव्हतेच, लाकूड-दगड होते, पण तू जिवंत आहेस, तेव्हा सगळ्या पृथ्वीला कळू दे. दुसऱ्याकडून प्रार्थना मागणारा माणूस काही दिवसांत स्वतः गुडघ्यावर आला होता.

त्या रात्रीचं तुम्हाला माहीत आहे. सन्हेरीब निनवेला परतला आणि पुढे आपल्याच मुलांच्या हातून मेला. गंमत म्हणजे त्याच्या नोंदीत हिज्कीयाला यरुशलेमात कोंडल्याची बढाई आहे, खंडणीचा आकडाही फुगलेला आहे, पण यरुशलेम घेतल्याचं त्यात कुठेच नाही.

या सगळ्यात हिज्कीया नुसता प्रार्थना करत बसला नव्हता, हेही सांगायला हवं. वेढा पडायच्या आधीच त्याने शहराबाहेरचे झरे बुजवले, तट बांधले, ढाली आणि शस्त्रं केली. गीहोन झऱ्याचं पाणी शहरात आणलं. यरुशलेमात आजही असलेला 533 मीटर लांबीचा बोगदा त्याचाच मानला जातो. खडकात दोन टोकांकडून दोन तुकड्या खणत आल्या आणि मधे भेटल्या. होकायंत्र नाही, लेझर नाही. नागमोडी आहे, पण भेटल्या, आणि पाणी शिलोहाच्या तळ्याकडे वाहतं. येशूने आंधळ्याला डोळे धुवायला पाठवलं ते हेच शिलोह. 1880 मध्ये बोगद्याच्या भिंतीवर एक लेख सापडला. दोन्हीकडच्या कामगारांना एकमेकांचा आवाज कसा ऐकू आला ते त्यात कोरलंय. तो आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की जो मजकूर उरलाय त्यात राजाचं नावच नाही. खणणाऱ्यांची गोष्ट आहे फक्त. आमच्याकडे साध्या फीचरच्या रिलीजच्या मेलमध्येही वरपासून खालपर्यंत सात साहेबांचे आभार असतात.

इथे माझ्या स्लाइड्स संपल्या होत्या.

विसाव्या अध्यायात हिज्कीया मरणाच्या दारात आहे. गळू झालं होतं. यशया येऊन सांगतो की घराची व्यवस्था लाव, तू वाचणार नाहीस. हिज्कीया भिंतीकडे तोंड फिरवून रडला. यशया मधल्या चौकापर्यंतही गेला नव्हता तोच देवाने त्याला परत पाठवलं. आणखी 15 वर्षे मिळाली. अंजिरांचा लेप लावला, तो बरा झाला, आणि आहाजाने बांधलेल्या पायऱ्यांवरची सावली दहा पायऱ्या मागे सरकली. बरं झाल्यावर त्याने एक स्तोत्र लिहिलं, ते यशयाच्या अडतिसाव्या अध्यायात आहे. त्याच्या शेवटाकडे तो म्हणतो की जिवंत माणूसच देवाची स्तुती करतो, आणि बाप आपल्या मुलांना देवाची सत्यता कळवतो.

मग बाबेलहून माणसं आली. मरोदख-बलदान राजाने बऱ्या झालेल्या हिज्कीयाला पत्र आणि भेट पाठवली होती. बाबेलच्या या राजाचं अश्शूरशी जुनं वैर होतं, त्याला साथीदार हवे होते, त्यामुळे ही नुसती तब्येतीची चौकशी नसावी. हिज्कीया हरखून गेला. त्याने सगळं दाखवलं. चांदी, सोनं, सुगंधी द्रव्यं, उंची तेल, शस्त्रागार, भांडारं. त्याने दाखवलं नाही असं काही उरलं नाही असं वचन सांगतं. इतिहासाच्या पुस्तकाप्रमाणे त्या दूतांना देशात घडलेल्या चमत्काराबद्दल विचारायचं होतं. म्हणजे परराष्ट्रातली माणसं देवाबद्दल विचारायला आली होती, आणि याने त्यांना तिजोरी दाखवली! तिथेच असंही म्हटलंय की त्याच्या मनात काय आहे ते कळावं म्हणून देवाने त्याला तेवढ्या वेळेपुरतं सोडलं.

यशया आला आणि त्याने विचारलं, ही माणसं काय म्हणाली, कुठून आली. उत्तर नीट वाचा. हिज्कीयाने दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं, दूर देशातून, बाबेलहून आली. पहिला प्रश्न त्याने खाल्ला. काय म्हणाली, ते सांगितलंच नाही. मॅनेजरने दोन प्रश्न विचारल्यावर सोप्याचं उत्तर देऊन विषय बदलायची ही युक्ती मला नीट ओळखता येते, कारण मी ती वापरतो.

यशयाने सांगितलं की एक दिवस हे सगळं बाबेलला जाईल. तुझ्या वंशातली मुलंही नेली जातील आणि तिथल्या राजवाड्यात खोजे होतील.

ज्याने मीखाचं ऐकून देवापुढे लोटांगण घातलं, ज्याने एका पत्रासाठी मंदिर गाठलं, ज्याने स्वतःच्या आजारात भिंतीकडे तोंड करून हंबरडा फोडला, त्याने या वेळी वस्त्रं फाडली नाहीत. परमेश्वराचं वचन चांगलं आहे म्हणाला, कारण निदान आपल्या हयातीत तरी शांतता राहील असं त्याच्या मनात आलं. काही उपदेशक याला नम्रता म्हणतात, देवाचा न्याय त्याने निमूट स्वीकारला असं सांगतात. असेलही. इतिहासाच्या पुस्तकात तो गर्वाबद्दल नम्र झाला असंही आहे. पण मला ते पूर्ण पटत नाही. स्वतःच्या 15 वर्षांसाठी तो रडला, आणि मुलांसाठी रडला नाही.

आता वचनातल्या आकड्यांचा साधा हिशोब करा. हिज्कीयानंतर त्याचा मुलगा मनश्शे राजा झाला तेव्हा 12 वर्षांचा होता. म्हणजे तो त्या वाढवून मिळालेल्या 15 वर्षांतच जन्मला. बापाने पाडलेली उच्च स्थानं त्याने पुन्हा बांधली, मंदिरातच परक्या वेद्या उभारल्या, आजोबाप्रमाणे आपला मुलगा अग्नीत होमला, आणि 55 वर्षे राज्य केलं. मुलाच्या पापाचा सगळा हिशोब बापाच्या खात्यावर मांडायला मी तयार नाही. मनश्शेने पुढे बेड्यांत असताना पश्चात्ताप केला हेही खरं आहे. तरी शलमोनाची नीतिसूत्रं उतरवून घ्यायला माणसं नेमणाऱ्या राजाने त्या बारा वर्षांत या पोराला काय सांगितलं, हा प्रश्न मला सुटत नाही. परिटाच्या शेताजवळची ती जागा दाखवली असेल का? दारांवरचं सोनं का नाही, ते सांगितलं असेल का? की पाहुण्यांना दाखवली तशी नुसती भांडारंच?

हे मी इतक्या पोटतिडकीने का लिहितोय त्याचं कारण सांगतो. माझी पहिली नोकरी सोडताना नोटीस पिरियडमध्ये मला एक गोष्ट माहीत होती. मी लिहिलेला एक प्रोग्रॅम आर्थिक वर्ष बदललं की चुकीचे आकडे काढणार होता. नीट करायला आठवडा लागला असता. मी गेल्यावर चार महिन्यांनी ते होणार होतं. मी हँडओव्हरच्या कागदात ते लिहिलं नाही, सेंड-ऑफचा केक खाल्ला आणि निघालो. एप्रिलमध्ये माझ्या जागी आलेल्या नव्या मुलाच्या तीन रात्री त्यात गेल्या, हे मला नंतर कळलं. त्याला मी आजवर भेटलेलो नाही.

आणि आता तरुण संघाची पाळी आहे. गेली नऊ वर्षे मी तो बघतोय. हॉलची किल्ली माझ्याकडे, शिबिराचा हिशोब माझ्या लॅपटॉपवर, ग्रुपचा ॲडमिन मी, कोणत्या घरी कधी प्रार्थनेला जायचं ते माझ्या डोक्यात. येत्या ऑगस्टमध्ये आम्ही दुसऱ्या शहरात राहायला जाणार आहोत. मागच्या रविवारी कोणीतरी विचारलं की पुढच्या वर्षी शिबिराचं काय, तर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की या वर्षीचं तर नीट पार पडेल ना. मला लगेच हिज्कीया आठवला आणि घरी येईपर्यंत गप्पच होतो.

परवा रात्री तिघांना घरी बोलावलं. जेवण झाल्यावर हिशोबाची फाइल उघडली, आणि दोन वर्षांपूर्वीच्या शिबिरात मी केलेली एक चूक, जी फक्त मला आणि खजिनदारांना माहीत होती, ती त्यांना दाखवली. दाखवताना कान गरम झाले. एक जण हसला, मग तिघंही हसले, मग आम्ही साडेअकरापर्यंत बसलो. किल्लीच्या दोन नकला करायला टाकल्या आहेत.

चहाच्या रांगेत प्रश्न विचारणारी ती मुलगीही त्या तिघांत होती. या वर्षी शिबिरात माझ्या जागी तू बोल आणि विसाव्या अध्यायापासून सुरू कर, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली की चालेल, पण मग ती एकविसावाही घेणार.

उद्याचे वाचन: 2 राजे 21, 2 इतिहास 33. मनश्शे.